घोंगडी टोचते, मेरिनो टोचत नाही: लोकरीचं गणित

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

आजचा एपिसोड एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटवरून सुचला. त्याचा प्रश्न असा होता: "डिसेंबरात हिमाचलला ट्रेकला चाललोय. मेरिनोचं थर्मल बघायला गेलो तर किंमत बघूनच घाम फुटला. घरात आजोबांची घोंगडी पडून आहे. ती पण लोकर, ही पण लोकर. मग फरक कशाचा?"

आधी त्याचं उत्तर देऊन टाकतो, कारण त्याला पॅकिंग करायचं आहे. अंगाला चिकटून राहणारा थर मेरिनोचा घे, नाहीतर चांगल्या सिंथेटिकचा घे. घोंगडी अंगात घालायची वस्तू नाही. बेस कॅम्पपर्यंत गाडी जात असेल तर ती जरूर ने आणि अंगाखाली अंथर. पण पाठीवर सामान घेऊन चढणार असशील तर दोनेक किलोचं ओझं उगाच कशाला!

आता "फरक कशाचा" याकडे येऊ.

लोकर म्हणजे केस. आपले केस, नखं आणि बैलाची शिंगं ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाची बनतात, त्याचीच लोकरही बनते. पण मेंढीच्या केसात तीन गोष्टी जमून आल्या आहेत. पहिली म्हणजे बाहेरून खवले, माशाच्या अंगावर असतात तसे, सगळे टोकाच्या दिशेने कललेले. दुसरी, आतला गाभा दोन वेगळ्या प्रकारच्या पेशींचा असतो. त्या दोन बाजूंना असतात आणि ओलाव्याने सारख्या फुगत नाहीत, त्यामुळे तंतू स्प्रिंगसारखा वळलेला राहतो. तिसरी, जाड तंतूंच्या मधोमध हवेच्या कप्प्यांची एक नळी असते. लोकरीचे सगळे गुण आणि सगळे त्रास या तीन गोष्टींमधून निघतात.

ऊब देण्याचं काम मुळात लोकर करतच नाही, ते काम हवेचं आहे. वळलेले तंतू एकमेकांना नीट चिकटून बसू शकत नाहीत, मधे फटी राहतात, फटीत हवा अडकते आणि अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून स्वेटर जितका दाबून, घट्ट पिशवीत कोंबून ठेवाल तितका तो बिचारा निकामी होत जातो.

टोचण्याचं काय?

लोकरीच्या तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ६० ते ८० मायक्रॉन. कपड्यांत वापरतात ती चांगली मेरिनो १७ ते २० च्या आसपास. पश्मिना १२ ते १६. आणि आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीत ३०-४० मायक्रॉनचे आणि त्याहूनही जाड तंतू सर्रास सापडतात.

बऱ्याच जणांना वाटतं की आपल्याला लोकरीची अॅलर्जी आहे. बहुतेक वेळा ती अॅलर्जी नसते, साधं मेकॅनिक्स असतं. कापडातून तंतूंची टोकं बाहेर आलेली असतात. ती त्वचेला टेकली की बारीक टोक वाकतं आणि जाड टोक वाकत नाही, सरळ रुततं, आणि त्वचेतल्या नसा मेंदूला कळवतात की काहीतरी टोचतंय. टोक वाकायला लागणारा जोर जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे १५ मायक्रॉनच्या तंतूपेक्षा ३० मायक्रॉनचा तंतू दुप्पट जाड, पण सोळापट हट्टी! ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतू एकूण तंतूंच्या पाच टक्क्यांच्या आसपास गेले की बहुतेकांना खाज जाणवायला लागते.

इथे माझ्यासारख्या बॅकएंडवाल्या माणसाचे कान टवकारतात. सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम छान दिसतो, तरी युजर शिव्या घालतात, कारण शेवटच्या पाच टक्क्यांचा अनुभव भयानक असतो. लोकरीचं अगदी तसंच आहे. लेबलवर सरासरी मायक्रॉन छापतात, त्वचेला मात्र शेपटीकडचे जाड तंतू कळतात. दोन स्वेटरवर सारखाच आकडा असून एक टोचतो आणि दुसरा नाही, त्यामागचं मोठं कारण हे. दुकानात तळहाताने कापड तपासू नका, तळहाताची कातडी जाड असते. मानेला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा.

मेंढीच्या अंगावर मुळात दोन थर असायचे: बाहेर जाड, राकट केस आणि आत मऊ लव. मेरिनो ही मूळ स्पेनमध्ये नावारूपाला आलेली जात. शेकडो वर्षं निवड करत करत माणसाने तिच्या अंगावरचे जाड केस जवळजवळ घालवलेच, राहिली नुसती लव. आज मेरिनोत ऑस्ट्रेलिया सगळ्यांत पुढे आहे. पश्मिनाची गोष्ट उलटी. ती मेंढी नव्हेच, ती लडाखच्या चांगथांग पठारावरची चांगथांगी बकरी. चार हजार मीटरच्या वरची मरणाची थंडी सोसायला तिच्या राठ केसांखाली लव उगवते आणि वसंतात ती गळायला लागली की विंचरून काढतात. एका बकरीमागे हाती मूठभर लव येते, म्हणून ती महाग. काश्मीर पश्मिनाला २००८ साली जीआय मिळालं. त्याच्या अटींत तंतू १६ मायक्रॉनपर्यंतचा हवा, सूत हातानं कातलेलं आणि शाल हातमागावर विणलेली हवी.

आता अंगठीतून शाल ओढून दाखवणाऱ्या रील्सबद्दल. पातळ रेशीम किंवा व्हिस्कोसची शालही अंगठीतून सहज जाते, त्यामुळे त्या परीक्षेने काहीच सिद्ध होत नाही. ती ख्याती मुळात शाहतूशची. शाहतूश येते चिरू या तिबेटी हरणापासून, आणि त्यासाठी त्या प्राण्याला मारावं लागतं. भारतात ती विकणं बेकायदा आहे. कुणी कौतुकाने "शाहतूश आहे" म्हणून दाखवली तर हात जोडून निघा.

भिजत घोंगडं

आता आपल्या घोंगडीकडे. हा माझा आवडता भाग आहे, थोडा वेळ घेणार आहे.

सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे आणि नगरकडचा कमी पावसाचा पट्टा हे दख्खनी मेंढीचं घर. ही मेंढी काटक. उन्हात दिवसाला मैलोन् मैल चालणारी, जे मिळेल ते खाणारी, बरीचशी काळ्या रंगाची. धनगर ती पाळतात, वर्षातून दोनदा कातरतात. लोकर पिंजायची, चरख्यावर किंवा टकळीवर कातायची आणि मग सणगर समाजाचे विणकर ती खड्डा-मागावर विणतात. हे काम पिढ्यान् पिढ्या असं वाटलेलं आहे. रंग बहुतेक मेंढीचाच, काळा, तपकिरी किंवा पांढरा. रंगवायची भानगड कमी. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, सगळ्यांत मऊ आणि म्हणून त्याची घोंगडी महाग.

विणण्याआधी एक पायरी आहे जी मला भारी वाटते. जाड, केसाळ सूत ताण्यावर चढवलं तर शेजारच्या धाग्यात अडकतं, फणीत घासतं आणि तुटतं. त्यावर उपाय म्हणजे चिंचोक्याची खळ. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्याची चिकट खळ करायची, मोकळ्या जागेत ताणा पसरून कुंच्याने ती धाग्यांवर चोपडायची आणि वाळवायची. सगळे केस धाग्याला चिकटून बसतात आणि धागा गुळगुळीत, मजबूत होतो. मोठ्या कापड गिरण्यांतही चिंचोक्याची पावडर याच कामाला वापरतात. नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी कडक लागते ती या खळीमुळे. वापरता वापरता, एखाद-दुसऱ्या धुण्यात, ती सैल होते. पहिल्या रात्रीच "काय ही घोंगडी, नको बाबा" म्हणून परत करणारे लोक असतात. थोडा धीर धरा की!

आता पाणी. लोकर पाण्याशी दुटप्पी वागते. खवल्यांवर मेदाचा अतिशय पातळ थर असतो, त्यामुळे पावसाचा थेंब वरून घरंगळतो. पण पाण्याची वाफ आत शिरते आणि गाभ्यात जाऊन बसते. लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण तीस टक्क्यांपर्यंत बाष्प पिते आणि तरी हाताला ओली लागत नाही. आणि गंमत म्हणजे बाष्प पिताना ती किंचित उष्णता सोडते. कोरड्या घरातून दमट गारठ्यात बाहेर पडलात तर लोकर त्या काही मिनिटांत खरोखर थोडी तापते. सुती टी-शर्ट घामाने भिजला की अंगाला चिकटतो आणि थंडगार पडतो. लोकरीच्या तंतूंचा वळसा ओलेपणीही बराचसा टिकतो, फटी बुजत नाहीत. म्हणून डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन मेंढका भर पावसात रानात उभा राहू शकतो.

पण तासन् तास पाऊस लागला की पाणी तंतूंच्या मधल्या फटीतही साठतं. मग ती घोंगडी उचलवत नाही, पिळवत नाही आणि पावसाळ्यात दोन-तीन दिवस वाळत नाही. ऑफिसात एखादं तिकीट सहा महिने ओपन असतं तेव्हा आपण म्हणतो "भिजत घोंगडं पडलंय". ज्याने हा वाक्प्रचार पहिल्यांदा वापरला त्याने भिजलेली घोंगडी नक्की उचलली असणार.

जाड तंतूचा आणखी एक गुण. तो दाबला तरी चेपून राहत नाही, परत उठतो. अंगाखाली अंथरायला म्हणूनच घोंगडी उत्तम आणि मेरिनो वाया. माणसाच्या वजनाखाली मऊ लव चपटी होते, हवा निघून जाते, आणि गारठा जमिनीतून वर येतो. गालिच्यालाही हाच गुण लागतो, म्हणून बिकानेरकडच्या मगरा मेंढीची राकट, चमकदार लोकर गालिचाच्या धंद्यात मानाने वापरतात. तिथे कुणी "टोचते का" विचारत नाही.

आणि विस्तव. लोकरीत नायट्रोजन भरपूर, ओलावाही असतो, त्यामुळे ती सहजी पेटत नाही आणि ज्योत बाजूला केली की बहुतेक वेळा आपोआप विझते. वितळत तर नाहीच. शेकोटीची ठिणगी घोंगडीवर पडली तर भोक पडेल. तीच ठिणगी अॅक्रिलिकच्या ब्लँकेटवर पडली तर ते वितळून कातडीला चिकटेल. रानात शेकोटीशेजारी झोपणाऱ्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे.

एक मात्र बोलायलाच हवं. ऑनलाइन जाहिरातींत घोंगडी मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी सगळं बरं करते, शिवाय सापही जवळ येत नाही. एवढ्या गुणी वस्तूला खोट्या औषधाचं लेबल कशाला लावायचं? ती उत्तम अंथरूण आहे. गोळ्या चालू असतील तर चालूच ठेवा.

ही लोकर आहे तरी का?

मराठीत "लोकर" शब्दाचं एक झालंय. विणकामाच्या दुकानात "लोकरीचा गुंडा द्या" म्हटलं की जो मिळतो तो बहुतेक वेळा अॅक्रिलिकचा असतो, म्हणजे प्लॅस्टिक. बाळाच्या टोपडी-मोज्यांसाठी मिळणारं "बेबी वूल" सुद्धा बऱ्याचदा तेच. त्यात फसवणूक आहे असं नाही. ते स्वस्त आहे, मशीनमध्ये धुता येतं, टोचत नाही. पण लोकरीचे पैसे देऊन ते घेणं ही वेगळी गोष्ट.

आमच्या फ्लॅटमध्ये एकाने सहलीला गेल्यावर एका दुकानातून "प्युअर वूल" म्हणून शाल आणली होती. आम्ही तिच्या झालरीचे चार धागे काढून चाचणी केली. तुम्हीही करू शकता. खिडकी उघडा, स्टीलच्या ताटलीवर चिमट्याने धागे धरा आणि मेणबत्तीला लावा. खरी लोकर ज्योतीपासून आक्रसते, रडतखडत जळते, केस जळाल्याचा वास येतो आणि मागे राहिलेली काळी राख बोटाने चुरडली जाते. अॅक्रिलिक भसकन पेटतं, काळा धूर सोडतं, वितळतं आणि गार झाल्यावर टणक मणी उरतो. आमचा मणी इतका टणक होता की ताटलीला चिकटून बसला. रेशमालाही केसासारखाच वास येतो हे लक्षात ठेवा. आणि मिश्र कापड असेल तर दोन्ही लक्षणं दिसतात.

धुवायची कशी

मघाशी सांगितलेले खवले आठवा. सगळे एकाच दिशेला कललेले. गरम पाणी, साबण आणि घुसळणं एकत्र आलं की तंतू एका दिशेने सरकतात, पण खवल्यांमुळे परत येऊ शकत नाहीत. रॅचेट असतो तसं. कापड आटतं, जाड होतं आणि ते परत उलगडत नाही. कितीही स्ट्रेच करा, अनडू नाही. मशीनच्या गरम सायकलमधून आलेला स्वेटर पुतण्याला बसतो तो यामुळे. याच गुणाचा मुद्दाम उपयोग करून, न विणता, नुसती लोकर ओली करून, लाटून, दाबून बुरणूस करतात. "मशीन वॉशेबल" मेरिनोत बहुधा क्लोरिनची प्रक्रिया करून खवल्यांच्या कडा बोथट करतात आणि वर पॉलिमरचा पातळ थर देतात. सोयीचं आहे, पण मग ती पूर्वीइतकी निसर्गातली राहत नाही, हेही किंमत देताना माहीत असावं.

घोंगडी गार पाण्यात बुडवून, दाबून धुवा. पिळू नका. दोरीवर टांगू नका, पाण्याच्या वजनाने लांबेल. खाटेवर आडवी वाळवा. कसर लागते ती अळ्यांमुळे. त्यांना केराटिन पचतं आणि घामट, मळकट कापड जास्त आवडतं. घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवून उन्हात टाकायची आपल्याकडे जी पद्धत आहे, ती कसरीविरुद्ध फार नेमकी आहे. वर्षभर कपाटाच्या तळाशी, न हलवता, न धुता ठेवलेली घोंगडीच अळ्या खातात.

मग अडलंय कुठे?

एका दख्खनी मेंढीची वर्षाची लोकर किलोभरही भरत नाही. धनगराचं उत्पन्न मांसावर आणि शेतात खतासाठी मेंढ्या बसवण्यावर. कातरायची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त होते, त्यामुळे कित्येक ठिकाणी कातरलेली लोकर रानातच टाकून देतात. कातरावं तर लागतंच, नाहीतर उन्हाळ्यात मेंढीचे हाल. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी उंच, वजनदार आणि अंगावर लोकर फारच कमी. मांसाला भाव असताना लोक तिकडे वळले तर त्यांना दोष कसा द्यायचा? पण काळी लोकर कमी झाली की कातणाऱ्या बायकांचं काम जातं, आणि मग सणगराचा माग थांबतो. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात. देवाला ती चालते, बाजाराला चालत नाही.

माझं मत सांगतो. बाजाराने लोकरीसाठी एकच बेंचमार्क ठरवला, मऊपणा. त्यात १७ मायक्रॉनवाली जिंकणार आणि ४० वाली हरणार, हे आधीच ठरलेलं. पण अंगाखालचं अंथरूण, गालिचा, खुर्चीची गादी, स्टुडिओच्या भिंतीवरचे आवाज शोषणारे पॅनल, छताखालचं इन्सुलेशन या सगळ्यांना राकट तंतूच हवा. स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवरचं हॅरिस ट्वीड हातात घेऊन बघा, मऊ मुळीच नाही. पण १९९३ सालच्या कायद्याने ठरवलंय की त्या बेटांवरच्या माणसांनी आपल्या घरी, हातमागावर विणलेलं असेल तरच त्याला हॅरिस ट्वीड म्हणायचं, आणि जगभर लोक त्याचे कोट अभिमानाने घालतात. आत अस्तर असतं, त्यामुळे टोचण्याचा प्रश्नच येत नाही. घोंगडीच्या कापडाचं जॅकेट सुती अस्तर लावून कुणी नीट शिवलं तर मी पहिल्या दिवशी रांगेत उभा राहीन.

घोंगडी घेणार असाल तर विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. सूत हातानं कातलेलं की मिलचं? लोकर दख्खनी मेंढीची की बाहेरून आणलेली, का त्यात अॅक्रिलिक मिसळलंय? आणि विणली कुठल्या गावात? खरा विणकर तिसऱ्या प्रश्नावर खूश होतो आणि अर्धा तास सोडत नाही. नव्या घोंगडीला मेंढीचा वास येणारच, दोन-तीन उन्हं दाखवली की कमी होतो. खाली घोंगडी आणि वर सुती चादर अशी झोपायची व्यवस्था केलीत तर टोचणारही नाही.

तुमच्या घरी जुनी घोंगडी असेल तर तिच्या काठाचा जवळून फोटो पाठवा, सोबत गावाचं नाव. काठाची वीण आणि रंग गावोगाव वेगळे असतात, ते एकत्र बघायचं माझ्या डोक्यात आहे. पुढच्या एपिसोडला रेशीम घेऊ. मेणबत्ती आणि ताटली हाताशी ठेवा.